संगणक-प्रणालीचा प्रारंभ आणि नागरिकांचा वेळ



आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ हे गाव राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पासून थोडे आत वसलेले असून महाराष्ट्राची सीमा तेथून फार दूर नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे दोन तालुके आणि बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडळ एवढा प्रदेश तत्कालीन मुंबई राज्यात आला. उर्वरित बोथ आंध्र प्रदेशात राहिले आणि २ जून २०१४ पासून ते तेलंगण राज्यात आहे. सीमा आखली गेली तरी सोयरीक व बाजारहाट पूर्ववत् चालू राहिले. मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषा या पट्ट्यात आजही शेजारी शेजारी नांदतात.

सीमेच्या दोन्ही बाजूंस सकाळी आढळणारे एक दृश्य मात्र भाषेवर अवलंबून नाही. दूरच्या पाड्यावरून पहिल्या मोटारीने निघालेला एखादा वयस्क शेतकरी दहाच्या सुमारास सेवाकेंद्राच्या खिडकीशी येऊन उभा राहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली कागदपत्रे तो पुढे करतो. ऑपरेटरने संगणक चालू केलेला असतो, प्रोग्रामच्या चिन्हावर माऊस दाबलेला असतो आणि पडदा पांढरा पडलेला असतो. अशा वेळी एक ठराविक वाक्य उच्चारले जाते : "बसा बाबा, सर्व्हर डाऊन आहे."

हे वाक्य पुष्कळदा खरे असते. तितक्याच वेळा ते खरे नसते. दूरचा सर्व्हर सुरळीत चालू असतो, आणि जो खोळंबा झालेला असतो तो समोरच्या टेबलावरील संगणकातच, प्रोग्राम उघडण्याच्या क्षणी, झालेला असतो. हा खोळंबा कोठून उद्भवतो, त्यापैकी किती टाळता येण्याजोगा आहे, आणि कोणता भाग टाळणे मुळीच योग्य होणार नाही, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. यातील तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा असून तोच बहुधा दुर्लक्षिला जातो.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगणे अगत्याचे आहे. अविभक्त आंध्र प्रदेशात ४ नोव्हेंबर १९९८ रोजी दस्त-नोंदणीची 'कार्ड' ही संगणक योजना २१४ नोंदणी कार्यालयांत एकाच वेळी सुरू करण्यात आली. महाराष्ट्रात दुय्यम निबंधक कार्यालयांतून 'सरिता' ही प्रणाली आली आणि तिच्यानंतर मध्यवर्ती स्वरूपाची 'आय-सरिता' आली. २०११ च्या नोव्हेंबरात आंध्र प्रदेशात 'मी-सेवा' केंद्रांचा आरंभ झाला. मराठी कानाला यातील 'मी' हे प्रथमपुरुषी सर्वनाम वाटते. तेलुगूत त्याचा अर्थ 'तुमची' असा आहे, आणि योजनेला अभिप्रेत असलेला अर्थ तोच होय. तेलंगणात २०२० च्या अखेरीस 'धरणी' प्रणालीबरोबर शेतजमिनीच्या दस्तांची नोंदणी मंडलाच्या तहसीलदारांकडे सोपविण्यात आली आणि एप्रिल २०२५ मध्ये 'धरणी'ची जागा 'भू भारती'ने घेतली. नावे बदलली, सर्व्हर गावाबाहेर गेले. तथापि नागरिक ज्या यंत्रासमोर उभा राहतो ते यंत्र टेबलावरचेच राहिले. ब्राउझर हाही एक टेबलावरचा प्रोग्रामच आहे. अंगठ्याचा ठसा घेणारे उपकरण चालविणारा साहाय्यक प्रोग्राम, प्रिंटर, दस्त टिपणारा स्कॅनर, मराठी टंकनाची सोय, ही सारी सामग्री त्या एका संगणकातच सज्ज व्हावी लागते.

प्रोग्राम उघडला जातो तेव्हा नेमके काय घडते, याची कल्पना कचेरीच्या सकाळीवरून करता येईल. शिपाई कुलूप काढतो, दिवे लावतो, खिडकी उघडतो आणि माणसे आत येऊ लागतात. समजा, त्या शिपायाला कोणी असा नियम घालून दिला की, दप्तरखान्यातील प्रत्येक कपाट उघडून, प्रत्येक नोंदवही टेबलावर मांडून, मुख्यालयास दूरध्वनी लावून आणि त्याचे उत्तर आल्यावरच दाराचे कुलूप काढावे, तर कचेरी दुपारी उघडेल. अनेक प्रोग्राम असेच लिहिलेले असतात. गावांच्या याद्या, मुद्रांक व शुल्काचे दर, जुन्या दस्तांची सूची, दाखल्यांचे नमुने, फाँट, प्रिंटरची विचारपूस आणि नवी आवृत्ती आली आहे काय याची मुख्यालयाकडे चौकशी, हे सर्व एकापाठोपाठ एक उरकल्याशिवाय प्रोग्रामची विंडो पडद्यावर येतच नाही. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. सर्व तयारी आधी झाली म्हणजे नंतर अडचण नको, असे त्याला वाटते. शिवाय त्याच्या स्वतःच्या यंत्रावर ही तयारी दोन सेकंदांत होते.

दोन सेकंद आणि दोन मिनिटे यांतील फरक कसा पडतो, हे आकड्यांनी पाहावे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कला एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन थोडासा मजकूर वाचण्यास सुमारे १० ते १५ मिलिसेकंद लागतात. सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकाच हा काळ आहे. परंतु प्रोग्रामला आरंभी ३,००० लहान फाइली वाचावयाच्या असतील, तर एवढ्यावरच ३० ते ४५ सेकंद खर्च होतात. लिहिणाऱ्याच्या यंत्रात फिरते भाग नसलेली एसएसडी डिस्क असते आणि तो दिवसातून पन्नास वेळा तोच प्रोग्राम उघडत असल्यामुळे त्याच्या फाइली संगणकाच्या स्मृतीत आधीच बसलेल्या असतात. कचेरीतला संगणक रात्रभर बंद असतो. त्याची सकाळ प्रत्येक वेळी कोरी असते. म्हणून प्रोग्रामची परीक्षा घ्यावयाची तर ती बंद यंत्र चालू केल्यानंतरच्या पहिल्या प्रयत्नात, आणि कार्यालयातील सर्वांत जुन्या यंत्रावर घ्यावी.

तारेची प्रतीक्षा याहून त्रासदायक असते. दूरचा सर्व्हर मुळीच प्रतिसाद देत नसेल, तर विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत जोडणीचा एक प्रयत्न सोडून देण्यास सुमारे २१ सेकंद लागतात. प्रोग्रामने आवृत्तीची चौकशी एका ठिकाणी, दरपत्रकाची दुसऱ्या ठिकाणी आणि घड्याळाची तिसऱ्या ठिकाणी, अशा तीन चौकशा एकीमागून एक केल्या, तर तार तुटलेल्या दिवशी ६३ सेकंद नुसत्या वाट पाहण्यात जातात. त्याच तिन्ही चौकशा एकदम सुरू केल्या तर २१ सेकंदांत तिन्हींचा निकाल लागतो. आणि विंडो उघडून झाल्यावर त्या पाठीमागे चालू ठेवल्या, तर नागरिकाला त्यांचा पत्ताही लागत नाही. जाळ्यावरचा प्रिंटर बंद असणे हेही असेच एक छुपे कारण आहे. ज्याला आज एकही कागद छापावयाचा नाही अशा माणसाने बंद प्रिंटरच्या उत्तराची वाट पाहावी, ही गोष्ट विचित्रच म्हटली पाहिजे.

आता पांढऱ्या पडद्याकडे वळू. प्रोग्राममधील कामे ज्या ओळीने चालतात तिला संगणकतज्ज्ञ थ्रेड असे म्हणतात. विंडो रंगविणे, माऊस व कळफलक यांना प्रतिसाद देणे हे काम एका मुख्य थ्रेडकडे असते. त्याच थ्रेडला मोठी यादी वाचावयास बसविले, तर तेवढा वेळ विंडो रंगविण्यास कोणीच उरत नाही. अशी विंडो ५ सेकंदांपर्यंत निरुत्तर राहिली की विंडोज प्रणाली तिच्या माथ्यावर 'प्रतिसाद देत नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी लावते. ऑपरेटरला वाटते की प्रोग्राम मेला. तो पुन्हा माऊस दाबतो, पुन्हा दाबतो, आणि त्याच प्रोग्रामच्या तीन प्रती एकाच डिस्कवर तुटून पडतात. मग मुळात ४० सेकंदांत उरकणारे काम अडीच-तीन मिनिटांवर जाते. शेवटी संगणकाचे बटण दाबून धरले जाते, आणि सर्व काही पहिल्यापासून. यात ऑपरेटरचा दोष काढण्याची प्रथा आहे; ती अन्यायाची आहे. ज्याला काही सांगितले जात नाही त्याने तर्क करावयाचा नाही, तर काय करावयाचे?

यावरील उपाय ज्ञात आहे आणि तो कठीणही नाही. मोठी कामे मुख्य थ्रेडवरून काढून दुसऱ्या थ्रेडवर सोपवावीत आणि विंडो प्रथम दाखवावी. दुसऱ्या थ्रेडने विंडोतील मजकुराला परस्पर हात लावू नये. आपले काम झाल्याचा निरोप मुख्य थ्रेडकडे पाठवावा आणि पडद्यावर लिहिण्याचे काम त्यानेच करावे. यासाठी मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये २००५ पासून आणि जावामध्ये २००६ पासून तयार साधने आहेत. प्रोग्रामची दुसरी प्रत उघडू लागताच पहिलीच विंडो पुढे आणणे हीसुद्धा थोड्या ओळींची बाब आहे. पडद्याआडची कामे डिस्कवर अशी तुटून पडू नयेत की, उघडलेली विंडोच रखडू लागेल. त्यांना खालचा प्राधान्यक्रम द्यावा. आणि मध्येच विंडो बंद केली गेली तर ती निमूटपणे थांबली पाहिजेत.

तथापि काम मागे ढकलणे म्हणजे काम संपविणे नव्हे. बोथसारख्या ठिकाणच्या नोंदणी व्यवहारातील उदाहरण घेतले म्हणजे हा फरक स्पष्ट होईल. जमिनीवर वा घरावर पूर्वीचा बोजा आहे किंवा नाही, हे सांगणारा दाखला तेलंगणात सर्वतोमुखी 'ईसी' या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात याच कामासाठी सूची क्रमांक २ चाळली जाते. संगणकावरून मिळणारी 'ईसी' १९८३ पासूनच्या नोंदींपुरती मिळते; त्यापूर्वीच्या नोंदींचा शोध जुन्या वह्यांतून घ्यावा लागतो. 'कार्ड' योजना १९९८ ची आणि नोंदी १९८३ च्या. म्हणजे पंधरा वर्षांच्या जुन्या वह्यांतील मजकूर कोणी तरी बसून संगणकात भरलेला आहे. तो एकदा भरला गेला म्हणूनच पुढे प्रत्येक अर्जदाराचा वेळ वाचला. प्रारंभीच्या कामांबाबतही प्रथम हेच विचारावे की, जे काम रोज सकाळी केले जाते ते एकदाच करून ठेवता येईल काय? काल संध्याकाळी तयार झालेली सूची आज पुन्हा तयार करण्याचे कारण नाही. काल संध्याकाळनंतर आलेल्या नोंदी तेवढ्या मिळविल्या की पुरे.

समजा, एका प्रोग्रामकर्त्याने उत्साहाने विंडो तत्काळ उघडण्याची व्यवस्था केली आणि जुन्या नोंदींची सूची पाठीमागे भरत ठेवली. विंडो दोन सेकंदांत आली, सर्वांनी समाधान व्यक्त केले. दहा वाजून दोन मिनिटांनी एका शेतकऱ्याने बोजाची चौकशी केली. सूचीचा निम्माच भाग तोपर्यंत स्मृतीत आला होता. प्रोग्रामने त्या निम्म्या भागात शोध घेतला आणि उत्तर दिले, 'नोंद आढळली नाही'. ज्या गहाणखताची नोंद उरलेल्या निम्म्या भागात होती, ते त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच राहिले नाही. त्याने विसार दिला, पुढे खरेदीही केली आणि सहा महिन्यांनी सावकाराचा किंवा पतपेढीचा माणूस बांधावर येऊन उभा राहिला. दोन मिनिटांच्या विलंबाने त्या शेतकऱ्याचे काहीही बिघडले नसते. दोन सेकंदांच्या घाईने त्याची जमीन वादात सापडली.

'नोंद नाही' आणि 'शोध अद्याप पूर्ण झालेला नाही' ही दोन अगदी भिन्न उत्तरे आहेत. पडद्याआड कामे सोपविणाऱ्या प्रोग्रामने ही दोन्ही उत्तरे वेगवेगळी देता आली पाहिजेत. ज्या बटणाचे साहित्य अजून आलेले नाही ते बटण फिकट ठेवावे आणि ते का फिकट आहे हे शेजारी लिहावे. सरकणारी पट्टी दाखवून भागत नाही. अशा पट्ट्या झरझर नव्वदपर्यंत जातात आणि तेथे बसकण मारतात, हा सर्वांचा अनुभव आहे. त्यापेक्षा '२४ पैकी ९ गावांची सूची आली' हे साधे वाक्य अधिक उपयोगी. बोथकडील अर्जदाराच्या गावाची सूची प्रथम मागवून घेण्याची सोय असेल तर आणखी उत्तम.

काही कामे तर विंडो उघडण्यापूर्वीच पूर्ण झाली पाहिजेत आणि त्यांच्या बाबतीत कोणतीही सवलत देता कामा नये. काल दस्त नोंदवीत असताना वीज गेली आणि यंत्र मध्येच बंद पडले, तर आज प्रारंभी ती अर्धवट नोंद एक तर पूर्ण केली पाहिजे किंवा पुसली पाहिजे. तसे न करता नवा दस्त स्वीकारला, तर एकच अनुक्रमांक दोन दस्तांवर पडण्याचा संभव असतो. यंत्रातील तारीख बरोबर आहे काय, आज लागू असलेले शुल्काचे दर हाती आले आहेत काय, कामावर बसलेली व्यक्ती अधिकृत आहे काय, यांचीही उत्तरे पहिली पावती फाडण्यापूर्वीच हवीत. दुरुस्तीस तीन मिनिटे लागणार असतील तर तीन मिनिटे लागू द्यावीत. मात्र तसे पडद्यावर स्वच्छ लिहावे, म्हणजे खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला ऑपरेटर खरे कारण सांगू शकेल.

अंगठ्याच्या ठशाचे उपकरण हे याच प्रकारातील आणि अधिक नाजूक उदाहरण होय. आधार पडताळणीसाठी वापरली जाणारी उपकरणे एका साहाय्यक प्रोग्रामच्या मार्फत चालतात आणि तो प्रोग्राम सज्ज होण्यास, प्रसंगी दूरच्या सर्व्हरशी बोलून घेण्यास, थोडा अवधी लागतो. तो सज्ज होण्यापूर्वीच ठसा मागितला गेला तर पडताळणी होत नाही. कापूस वेचून व विळा धरून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, अशा माणसाला मग हात धुवून येण्यास सांगितले जाते. झिजलेल्या बोटांमुळे ठसा न जुळणे ही खरीच अडचण आहे. परंतु उपकरण अद्याप तयार नाही एवढेच कारण असेल, तर त्याचा ठपका त्या बोटांवर येऊ देणे बरे नव्हे. प्रोग्रामने उपकरणाची स्थिती आधी विचारावी आणि मगच ठसा मागावा.

खोळंब्याचे कारण तर्काने ठरविण्याची सवय किती फसवी असते, याचे एक परदेशी उदाहरण उद्बोधक आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन' या संगणक-खेळाला सुरू होण्यास कित्येकांच्या यंत्रावर मिनिटेच्या मिनिटे लागत असत. खेळ मोठा, चित्रे जड, म्हणून वेळ लागणारच, अशी वर्षानुवर्षे समजूत होती. २०२१ मध्ये बाहेरच्या एका प्रोग्रामरने प्रत्यक्ष मोजमाप घेतले. तेव्हा चित्रांचा संबंध थोडाच निघाला. सुमारे ६३,००० वस्तूंची १० मेगाबाइटची एक यादी वाचताना प्रोग्राम प्रत्येक शब्दागणिक उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी पुन्हा मोजीत होता. शिवाय प्रत्येक वस्तू दुबार तर नाही ना, हे पाहण्यासाठी तिची तुलना आधीच्या सर्व वस्तूंशी करीत होता. अशा तुलना जवळजवळ २ अब्ज होतात. एवढे दोन दोष दूर करताच त्याच्या यंत्रावर ६ मिनिटांचा वेळ २ मिनिटांच्या आत आला. खेळाच्या निर्मात्या रॉकस्टार कंपनीने ही दुरुस्ती स्वीकारली आणि त्याला १०,००० डॉलर दिले. गावांची किंवा खातेदारांची यादी उघडताना दुबार नावे शोधणारा आपल्याकडील एखादा प्रोग्राम याच पद्धतीने चालत असेल, तर नवा संगणक विकत घेऊनही त्याचा फारसा उपयोग होणार नाही. यादी दुप्पट झाली की श्रम चौपट होतात.

या विषयाच्या चर्चेत मॅकिंतॉश संगणकाची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९८३ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी लॅरी केनियन या अभियंत्याला असे पटवून दिले की, पन्नास लाख लोकांचे रोजचे दहा सेकंद वाचविले, तर वर्षाकाठी कित्येक मनुष्यांची आयुष्ये वाचविल्यासारखे होईल. आणि केनियन यांनी यंत्र सुरू होण्याचा वेळ दहा सेकंदांहून अधिक कमी केला. गोष्ट मनोरंजक आहे, परंतु तिच्यातील गणित थोडे विक्रेत्याचे आहे. पन्नास लाख घरांत विखुरलेले दहा सेकंद कोणाच्याच हाती एकत्र येत नाहीत. सेवाकेंद्राच्या खिडकीवर मात्र ते खरोखर एकत्र येतात. तेथे रांग असते, आणि पहिल्यासाठी गेलेली पाच मिनिटे मागच्या तीसही जणांची जातात. दुपारची मोटार चुकली की पाच मिनिटांचा दिवस होतो आणि दिवसाची मजुरी बुडते. प्रोग्राम सकाळी एकदाच तर उघडावयाचा असतो, असा आक्षेप यावर घेतला जातो. ज्या गावात वीज ये-जा करते आणि ज्या यंत्राची बॅटरी थकलेली आहे, तेथे सकाळ दिवसातून तीनदा होऊ शकते, एवढेच त्याला उत्तर आहे.

मराठी टंकनाविषयी एक शब्द आवश्यक आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी कार्यालयांतून पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे 'आयएसएम' यासारखे कळफलक-प्रोग्राम वापरले जात आणि ते यंत्राबरोबरच सुरू होण्यासाठी लावून ठेवलेले असत. ती त्या काळची गरज होती. आता विंडोजमध्ये मराठीची सोय मुळातच असते. तरीही जुनी सामग्री, नंतर काढून टाकलेल्या प्रिंटरचे सोबती प्रोग्राम आणि कोणी कधी बसविले हे कोणालाच ठाऊक नसलेली इतर मंडळी रोज सकाळी यंत्राबरोबर उठतात व आपापला वाटा मागतात. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपची यादी महिन्यातून एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. जे ओळखीचे नाही ते परस्पर काढू नये, ठसा-उपकरणाच्या साहाय्यक प्रोग्रामला तर हात लावू नये.

प्रोग्राम लिहिणारे दूर असतात. 'फार वेळ लागतो' एवढ्या तक्रारीवरून त्यांना काही करता येत नाही. म्हणून प्रत्येक केंद्राने एक आठवडाभर साध्या वहीत वेळ नोंदवावा. यंत्राचे बटण केव्हा दाबले, प्रोग्रामची विंडो केव्हा दिसली, आणि पहिल्या अर्जदाराचे काम प्रत्यक्ष केव्हा सुरू झाले, या तीन वेळा घड्याळाकडे पाहून लिहाव्यात. इंटरनेटची तार काढून ठेवून एकदा, प्रिंटर बंद ठेवून एकदा आणि सर्व काही चालू असताना एकदा, असे तीन दिवस वेगळे घ्यावेत. ही पाहणी कचेरीच्या वेळेपूर्वी करावी. वीज गेल्यानंतर पुन्हा उघडण्यास लागलेला वेळ वेगळ्या शाईने लिहावा, आणि त्या वेळी खिडकीशी किती माणसे उभी होती, हा आकडाही त्याच ओळीत लिहावा.